खाजन बांधांवरच्या पेपरसाठी भरवशाचे संदर्भ कुठून मिळवायचे?

साळावली

नमस्कार मंडळी. एम.ए. इतिहासाच्या सेमिनार पेपरसाठी विषय घेतलाय: १९६१ नंतर गोव्यातल्या तिसवाडी तालुक्यातल्या खाजन (खाडीकाठच्या, बांध घालून भरतीचं पाणी अडवलेल्या सखल) जमिनींच्या बांधांची देखभाल कोमुनिदादींकडून (गावच्या जमिनी सामायिक सांभाळणाऱ्या जुन्या संस्थांकडून) कुळांच्या संघटनांकडे कशी गेली आणि त्यात काय बिनसलं. पेपर इंग्रजीत, पाचेक हजार शब्दांचा. निदान पंधरा संदर्भ तज्ज्ञांनी तपासलेल्या नियतकालिकांतले किंवा विद्यापीठीय प्रकाशनांचे हवेत आणि शिवाय काही मूळ साधनं हवीत, अशी अट आहे.

साध्या गूगलवर पर्यटनाचे ब्लॉग आणि त्याच त्या बातम्या येतात. गूगल स्कॉलरवर बरे लेख दिसतात, पण अर्ध्यांना पैसे मागतात. पोर्तुगीज येत नाही. मराठी वर्तमानपत्रांचा संदर्भ इंग्रजी पेपरात कसा द्यायचा तेही नीट ठाऊक नाही. सुरुवात कुठून करू?

तळटीप

पंधराचा आकडा आधी डोक्यातून काढा. तुमच्या विषयाला तीन वेगळ्या दिशांचे संदर्भ लागणार आहेत आणि ते एकाच शोधात कधीच सापडत नाहीत. एक, खाजन म्हणजे काय, बांध आणि मानशी (बांधातली पाणी आत-बाहेर सोडायची दारं) चालतात कशा, खारं पाणी आत आलं की जमिनीचं काय होतं. दोन, कोमुनिदाद आणि कूळ कायद्याचा इतिहास. तीन, सामायिक मालमत्ता गावं कशी सांभाळतात याचा सिद्धान्त. या तिसऱ्या भागात एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचं काम टाळून चालणार नाही. २००९चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना याच विषयासाठी मिळालं. कागदावर तीन रकाने आखा आणि प्रत्येकाचे शोधशब्द वेगळे लिहा.

शोधशब्दांवरच बहुतेकांचं गाडं अडतं. रोमन लिपीत नुसतं ‘खाजन’ टाकलंत तर त्याच स्पेलिंगची माणसांची नावं आणि फारसी कवितेवरचे लेख येतील. सोबत ‘गोवा’ हवंच. नेमका शब्दसमूह दुहेरी अवतरणचिन्हांत घाला. पर्यायी शब्दांमध्ये ‘ओआर’ मोठ्या अक्षरांत लिहा, लहान अक्षरांत लिहिलं तर स्कॉलर त्याकडे लक्ष देत नाही. नको असलेल्या शब्दाआधी उणे चिन्ह द्या. टुरिझम आणि इकोटुरिझम असे वजा केलेत की अर्धा कचरा जातो.

मग स्पेलिंगं. कोमुनिदादला जुन्या पोर्तुगीज छपाईत दोन एम असतात. १९११च्या शुद्धलेखन सुधारणेनंतर एक एम रुळला. ‘आर्किव्हो’चंही तसंच, आधी सीएच, नंतर क्यू. गावकरीची (कोमुनिदादीचं देशी नाव) तर चार-पाच रूपं आहेत: गांवकारी, गावकरिया, गांकारिया, कधी मध्ये एम, कधी एन, कधी क, कधी सी. पोर्तुगीज मजकुरात खाजनाला ‘कासाना’ म्हणतात, तेही एस आणि झेड दोन्ही घालून शोधा. तिसवाडीचं ‘इल्हास’ हे नाव विसरलात तर जुन्या साधनांत तुमचा तालुकाच सापडणार नाही.

स्कॉलरवर एक बरा लेख मिळाला की शोधपेटी सोडा आणि त्या लेखाच्या मागे-पुढे चाला. मागे म्हणजे त्याची संदर्भसूची. पुढे म्हणजे त्याच्याखालचं ‘सायटेड बाय’. तिथे टिचकी मारल्यावर वर ‘याच लेखांमध्ये शोधा’ अशी चौकट येते. तीत ‘टेनन्सी’ टाका. खाजनावरच्या जुन्या लेखाचा हवाला देणाऱ्यांपैकी कूळ कायद्यावर कोण बोललंय ते लगेच वेगळं होतं. दोन-तीन चांगल्या लेखांवर असं केलंत की तीच नावं परत परत यायला लागतात. तोवर थांबू नका. ‘तारखेनुसार लावा’ हे बटण मात्र जपून दाबा. त्यात फक्त गेल्या वर्षभरात भर पडलेले लेख दिसतात आणि विषयावर काहीच लिहिलं गेलेलं नाही असा समज होतो.

पैसे मागणाऱ्या लेखांबद्दल: देऊ नका. आधी लेखाखालचं ‘ऑल व्हर्जन्स’ उघडा. लेखकाने विद्यापीठाच्या भांडारात ठेवलेली प्रत तिथे पुष्कळदा असते. अनपेवॉल हे ब्राउझरला जोडायचं फुकट साधन आहे. कायदेशीर मोकळी प्रत असेल तर पानाच्या कडेला हिरवं कुलूप दाखवतं. जेस्टॉर या ऑनलाइन लेखसंग्रहावर स्वतःचं फुकट खातं काढलंत की महिन्याला १०० लेख ऑनलाइन वाचता येतात, उतरवून मात्र घेता येत नाहीत. ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’चे जुने अंक जेस्टॉरवर आहेत आणि तुमच्या विषयाला तेच पहिलं ठिकाण. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं स्वतःचं डिजिटल भांडार आहे. खाडी, खारफुटी, क्षारता यांवरचे त्यांच्या शास्त्रज्ञांचे लेख तिथे खुले असतात. गोवा विद्यापीठाचंही तसंच भांडार आहे.

‘वन नेशन वन सब्स्क्रिप्शन’ (संस्थांसाठी नियतकालिकांच्या सामायिक वर्गणीची केंद्राची योजना) १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालंय: ३० प्रकाशक, जवळपास १३,००० नियतकालिकं. पण ते सरकारी उच्चशिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्थांसाठी. गोव्यातली बरीच कॉलेजं अनुदानित खासगी आहेत, तेव्हा तुमचं नाव यादीत आहे का, नसल्यास एन-लिस्टचं (कॉलेजांसाठीच्या ई-नियतकालिकांच्या योजनेचं) सदस्यत्व आहे का, हे ग्रंथपालांना विचारा. असेल तर घरून लॉगिन करण्याची सोयही विचारून घ्या. बहुतेक मुलं ती मागतच नाहीत आणि कॅम्पसबाहेर लेख उघडला नाही की योजनाच बंद पडली म्हणतात.

हे सगळं फसलं तर लेखकाला ईमेल करा. तीन ओळी: मी कोण, कुठला लेख, कशासाठी. मोठं पत्र कोणी वाचत नाही.

मानशीवरून

वरचं सगळं पटलं. मूळ साधनांचं मी सांगतो, कारण तिथे लोक हमखास भलत्या कपाटात हात घालतात.

पणजीच्या पुराभिलेखागारात सोळाव्या शतकापासूनची दप्तरं आहेत. ‘मोंसोंइश’ची (लिस्बनशी झालेल्या सरकारी पत्रव्यवहाराची) खंडं, गावकरीची गोयकानडी लिपीतली जुनी पुस्तकं, हे सगळं पाहून भूल पडते. तुमचा पेपर १९६१ नंतरचा आहे. तिकडे अजिबात जाऊ नका. आधीची पार्श्वभूमी एका परिच्छेदापुरती हवी, ती छापील साधनांतून घ्या. १५२६चा आफोंसो मेशियाचा फोराल (गावांच्या हक्क-रिवाजांची सनद) आणि फिलिप नेरी शावियेर यांचा १८५२चा कोमुनिदादींवरचा ‘बोस्केजो’, या दोघांचा हवाला जवळजवळ प्रत्येक अभ्यासक देतो. पोर्तुगीज येत नसेल तर रुई गोमिश परेरा यांचं गावकरीवरचं इंग्रजी पुस्तक, १९८१चं, पुरेल. मात्र फोरालचं म्हणणं परेरांच्या पुस्तकातून घेतलंत तर तळटीपेत तसंच लिहा: फोराल अमुक, उद्धृत परेरांमध्ये, पान अमुक. मूळ वाचल्याचा आव आणला की तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न त्याच्यावरच येतो.

तुमच्या काळासाठी कामाची चार साधनं आहेत.

पहिलं, कायदे. कोमुनिदादींची संहिता पोर्तुगीज राजवटीच्या अगदी शेवटच्या वर्षातली, एप्रिल १९६१ची. मग गोवा, दमण आणि दीव कृषी कूळवहिवाट कायदा १९६४चा आणि त्याची पाचवी दुरुस्ती १९७६ची, म्हणजे ‘कसेल त्याची जमीन’. बांधाच्या देखभालीचा बोजा कुणावर, याचं उत्तर या कायद्यांत आणि त्याखालच्या नियमांत आहे. आजची प्रत वाचून १९७० सालाबद्दल लिहू नका. आजच्या प्रतीत सगळ्या दुरुस्त्या मिसळलेल्या असतात. त्या वर्षीचं राजपत्र काढा. गोव्याच्या राजपत्राच्या तीन मालिका आहेत: कायदे-नियम पहिलीत, आदेश आणि अधिसूचना दुसरीत, जाहिराती-नोटिसा तिसरीत. पेपरात मालिका, क्रमांक आणि तारीख तिन्ही द्यायची. नुसतं ‘राजपत्र १९७५’ लिहिलंत तर ते कुणालाच सापडणार नाही.

दुसरं, विधानसभेचं कामकाज. निवडणूक डिसेंबर १९६३ची, म्हणजे नोंदी १९६४पासून. तारांकित आणि अतारांकित प्रश्नांत बांध फुटल्याच्या, अनुदान अडल्याच्या तक्रारी गावाच्या नावानिशी येतात. मंत्र्यांच्या उत्तरात रक्कम आणि खातं असतं. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना हे साधन का सुचत नाही, देव जाणे.

तिसरं, वर्तमानपत्रं. ‘गोमन्तक’ १९६२चा, ‘नवहिंद टाइम्स’ १९६३चा, ‘नवप्रभा’ १९७०चा. पणजीत पाट्टोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात गोव्यातल्या वर्तमानपत्रांच्या जुन्या फायली मिळतात. बांधीव खंड पहिल्या पानापासून चाळायला घेतलात तर मोसम संपेल. आधी विधानसभेच्या प्रश्नातून घटनेची तारीख काढा आणि तिच्या मागचे-पुढचे आठ-दहा अंक पाहा. तारीख नसेल तर जून ते सप्टेंबर घ्या आणि त्यातही अमावस्या-पौर्णिमेच्या आसपासचे दिवस. भरती मोठी, वरून पाऊस, मानशी बंद, अशा वेळी बांध जातो, आणि बातमी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आतल्या पानावर एका रकान्यात येते. पंचांग किंवा भरती-ओहोटीचं कोष्टक जवळ ठेवलंत तर काम निम्म्याहून कमी होतं.

चौथं, कचेऱ्यांतले कागद. तिसवाडीच्या कोमुनिदादी पणजीच्या मध्य विभागाच्या प्रशासकाखाली येतात. बार्देशच्या म्हापशाला, सासष्टीच्या मडगावला. टेनंट असोसिएशनचा, म्हणजे कुळांच्या संघटनेचा, कारभार मामलेदार कचेरीशी जोडलेला. सहज पाहायला मिळाले नाहीत तर माहिती हक्काचा अर्ज आहे, मुदत ३० दिवसांची. अर्जात ‘का’ विचारू नका. ‘अमुक गावच्या असोसिएशनची अमुक ते अमुक वर्षांची जमाखर्च पत्रकं’ असा दस्तऐवज मागा. मत मागितलं की ‘ही माहिती या व्याख्येत बसत नाही’ असं एका ओळीचं उत्तर येतं.

कुठेही जाताना विभागप्रमुखांचं पत्र आणि ओळखपत्र न्या. फोटो काढायची परवानगी आधीच मागा. मिळाली तर प्रत्येक फोटोआधी खंडाच्या पाठीवरच्या क्रमांकाचा एक फोटो काढा. जुन्या वह्यांत पानाला नव्हे, पत्राला क्रमांक असतो, म्हणजे एका क्रमांकाच्या दोन बाजू. कोणती बाजू ते तिथल्या तिथे टिपा. घरी गेल्यावर ते कळत नाही.

ओहोटी

एवढा खटाटोप कशाला? एआयला विचारा, पंधरा संदर्भ दोन मिनिटांत देईल. एपीए या हवाले देण्याच्या पद्धतीत मांडूनसुद्धा देईल.

तळटीप

देईल की. त्यातले काही अस्तित्वातच नसतील. लेखक खरा, नियतकालिक खरं, वर्ष पटण्यासारखं, फक्त लेख कोणी लिहिलेलाच नाही. खाजनासारख्या अरुंद विषयावर हे जास्त होतं, कारण त्याच्याजवळ खरा मजकूर थोडा.

वापरायचंच असेल तर शोधशब्द सुचवायला वापरा, संदर्भ मागायला नव्हे. आणि यादी कुठूनही आली तरी प्रत्येक नोंदीची तपासणी तीच. डीओआय (लेखाचा कायमचा ओळख क्रमांक) असेल तर डीओआयच्या संकेतस्थळावर टाका आणि उघडलेल्या पानावरचं शीर्षक अक्षर अन् अक्षर जुळतंय का पाहा. बनावट नोंदीत डीओआय कधी खराच असतो, पण भलत्याच लेखाचा. डीओआय नसेल तर क्रॉसरेफ या लेखनोंदींच्या सूचीत शीर्षक शोधा. तिथे नसेल तर नियतकालिकाच्या त्या अंकाची अनुक्रमणिका उघडा. अंक आहे, अनुक्रमणिका आहे आणि लेख नाही, तर यादीतून काढा. पुस्तक असेल तर दोन ग्रंथालयांच्या सूचीत बघा.

साळावली

देव बरें करूं सगळ्यांना! विधानसभेच्या प्रश्नांचं डोक्यातच नव्हतं.

आणखी तीन शंका. एक, गोव्यात खाजन साधारण १८,००० हेक्टर, हा आकडा जवळजवळ प्रत्येक लेखात आहे. इतक्या ठिकाणी आहे म्हणजे बिनधास्त लिहू का? दोन, एका नियतकालिकात नेमका माझ्या विषयावरचा लेख मिळालाय, पण तिथे ‘तीन दिवसांत प्रसिद्धी’ असं मोठ्या अक्षरात आहे. हा लेख धरावा का? तीन, शोधगंगेवरचा (भारतीय विद्यापीठांच्या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारातला) पीएच.डी. प्रबंध पंधरांत मोजतात का?

दप्तरखाना

१८,०००चं उदाहरण छान निवडलंत. इतक्या ठिकाणी आहे म्हणजे पक्का, असं नाही. सगळ्यांनी तो एकाच जागेवरून उचलला असण्याचीच शक्यता जास्त.

तपासायचं असं. तुमच्याजवळचे पाच-सहा लेख उघडा आणि प्रत्येकात त्या वाक्याला कोणता हवाला दिलाय ते एका कोऱ्या कागदावर बाणाने दाखवा. बाण एखाद्या जुन्या सरकारी अहवालाकडे किंवा एखाद्या लेखाकडे जमा होऊ लागतील. तो लेख उघडून तिथला हवाला बघा. असं करत शेवटच्या मुक्कामापर्यंत जा. तिथे तीन गोष्टी विचारा: मोजणी कोणी केली, कोणत्या वर्षी, आणि ‘खाजन’मध्ये काय काय धरलं. फक्त भातशेती? की कोळंबीची तळी, मिठागरं, पडीक जमीन आणि आत वाढलेली खारफुटीसुद्धा? व्याख्या बदलली की आकडा बदलतो. काही लेखांत १७,०००च्या घरातला आकडा दिसतो तो अशामुळेही असू शकतो. बऱ्याचदा साखळीच्या शेवटी मोजणी नसतेच, ‘सुमारे’ असं लिहिलेलं असतं आणि पुढच्या माणसाने ते ‘सुमारे’ गाळलेलं असतं.

साखळीच्या टोकाचा अहवाल हाती आला तर त्याचाच हवाला द्या. नाही आला तर ‘अमुक यांच्या मते सुमारे’ असं लिहा आणि तळटीपेत मूळ मोजणी पाहायला मिळाली नाही हे सांगा. पाच लेखांची नावं एका कंसात रचू नका. ते पाच पुरावे नाहीत, एकच आहे.

खाजनांच्या प्राचीनतेचंही तसंच. बांदोड्याला मिळालेल्या अनिर्जितवर्मा राजाच्या ताम्रपटाकडे सगळे बोट दाखवतात. पण ‘हजारो वर्षांची परंपरा’ हे विधान त्या ताम्रपटातून निघत नाही, तो फार तर पाचव्या-सहाव्या शतकाचा. ‘एपिग्राफिया इंडिका’त मूळ मजकूर छापलाय आणि जुने खंड इंटरनेट आर्काइव्हवर आहेत. दोन पानांचं काम आहे, वाचून टाका. वाचलेल्या ताम्रपटाला दिलेली तळटीप आणि ऐकीव तळटीप, परीक्षकाला फरक कळतो.

नियतकालिकाबद्दल. तज्ज्ञांकडून तपासणी म्हणजे निदान दोन माणसांनी लेख वाचून शेरे देणं. ते तीन दिवसांत होत नाही. संपादक मंडळातली दोन नावं घेऊन त्यांच्या विद्यापीठाच्या पानावर जा. तिथे त्या नियतकालिकाचा उल्लेख नसेल तर संशय धरा. ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ (लेखांना सरासरी किती हवाले मिळतात तो आकडा) लिहिलंय पण कुणाचा ते लिहिलेलं नाही, हीदेखील खूण. आयएसएसएन हा फक्त नोंदणी क्रमांक आहे, दर्जाची मोहोर नव्हे. खुल्या नियतकालिकांसाठी डीओएजे या सूचीत नाव आहे का बघा. चांगल्या नियतकालिकाचं नाव चोरून काढलेल्या जुळ्या साइटीही असतात, म्हणून सूचीत दिलेला पत्ता आणि तुमच्यासमोरचा पत्ता जुळवा. ‘यूजीसी केअर’ या मान्य नियतकालिकांच्या यादीवर आता विसंबू नका. यूजीसीने फेब्रुवारी २०२५मध्ये ती बंद केल्याचं जाहीर केलं आणि ठरवण्याची जबाबदारी संस्थांवर टाकली. यादी चालू असतानासुद्धा तिच्यात नाव असणं म्हणजे लेख चांगला असं नव्हतंच.

आणि तरीही: लेख सुमार जागी छापला म्हणून त्यातली माहिती खोटी ठरत नाही. त्याने दिलेली सूची वापरा, त्याने पाहिलेलं गाव पाहा, मूळ कागद शोधा. हवाला त्या कागदाचा द्या.

मानशीवरून

शोधगंगेवर माझं मत थोडं कडक आहे. प्रबंध परीक्षकांनी तपासलेला असतो हे खरं, पण दर्जा वरखाली असतो. मी तो मोजणार नाही. प्रबंधाच्या लेखकाने नंतर त्यातून लेख किंवा पुस्तक काढलंय का ते बघा आणि ते धरा.

तळटीप

मी मोजतो, आणि कारण सांगतो. गोव्याच्या ग्रामीण अर्थव्यवस्थेवर असं बरंच काम आहे जे प्रबंधाबाहेर कुठे आलंच नाही. ते सोडलंत तर मूळ क्षेत्रकाम सुटतं. मार्गदर्शकांना आधी विचारा, एवढंच. नियम त्यांचा.

शोधगंगेवर शोधायची रीत वेगळी आहे. आतल्या मजकुरात शोध नीट लागत नाही, कारण कितीतरी फायली नुसते स्कॅन आहेत. मराठी प्रबंध तर जुन्या फाँटांत टाइप केलेले असतात, युनिकोड नाही. पडद्यावर सुरेख मराठी दिसतं आणि उतरवून घेतलं की अगम्य अक्षरांची रांग. म्हणून विद्यापीठ, मग विभाग, अशा पायऱ्यांनी जा आणि शीर्षकांची यादी डोळ्यांनी वाचा. गोवा विद्यापीठाचे इतिहास, अर्थशास्त्र आणि समाजशास्त्र हे तिन्ही विभाग बघा, शिवाय भूगर्भशास्त्रही. प्रत्येक प्रकरण वेगळी फाइल असते. आधी संदर्भसूचीची फाइल उघडा. गोव्यातली साधनं कोणत्या कचेरीत, कोणत्या क्रमांकाने आहेत, हे बऱ्याचदा तिथे आयतं मिळतं.

विकिपीडियाबद्दल कोणी विचारलं नाही, पण येईलच. हवाला देऊ नका, खालच्या टिपा मात्र वाचा.

सूचीकार

शोधण्याचं झालं. वापरण्यावर दोन शब्द, कारण घोळ तिथेच होतो.

झोटेरो हे संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर बसवा. फुकट आहे, ३०० एमबीपर्यंत फायलीही ठेवते. वर्डमध्ये तळटीप घालते, मागे घेतलेला लेख सूचीत असेल तर लाल पट्टी दाखवते. स्कॉलरवरून घेतलेली नोंद अर्धीकच्ची असते: शीर्षक सगळं मोठ्या अक्षरांत, पानांचे आकडे गायब, लेखकाचं आडनाव आणि नाव उलटं. त्यापेक्षा वरच्या जादूच्या कांडीच्या चिन्हावर जाऊन डीओआय टाका, नोंद स्वच्छ येते. इंटरनेट आर्काइव्हवरची जुनी पुस्तकं मात्र हातानेच भरा. तिथे प्रकाशनाच्या वर्षाच्या जागी कधी स्कॅन केल्याचं वर्ष येतं आणि १८५२चं पुस्तक २०१५चं होतं.

टिपणं काढताना तीन गोष्टी कधीही एकत्र करू नका: लेखकाचं जसंच्या तसं वाक्य, तुमच्या शब्दांतला सारांश, आणि तुमचं स्वतःचं मत. जसंच्या तसं असेल तर टिपताना लगेच अवतरणचिन्हं आणि पान क्रमांक. नंतर घालीन म्हटलं की महिन्याभराने ते वाक्य स्वतःचंच वाटायला लागतं. चोरीचे बहुतेक प्रकार असेच घडतात, मुद्दाम कोणी करत नाही. सारांश लिहिताना मूळ लेख बंद करा. समोर ठेवून शब्द बदलत बसलात तर वाक्याचा सांगाडा त्याचाच राहतो.

अशा चोरीबद्दल यूजीसीचे २०१८चे नियम आहेत. साम्य १०%पर्यंत असेल तर दंड नाही, १० ते ४०% पहिली पातळी, ४० ते ६०% दुसरी, त्यावर तिसरी. अवतरणचिन्हांत हवाल्यासह घेतलेला मजकूर आणि संदर्भसूची मोजणीतून वगळायची असते, तेव्हा अहवालातला आकडा फुगलेला दिसला तर आधी ती गाळणी लावली होती का विचारा. आणि उलटही: मराठी लेखातला परिच्छेद इंग्रजीत उतरवून हवाल्याशिवाय घातलात तर यंत्र शून्य दाखवील, पण ती चोरीच आहे. गोव्यातला परीक्षक तोच ‘गोमन्तक’ वाचून मोठा झालेला असू शकतो.

मराठी बातमीचा संदर्भ इंग्रजी पेपरात: मथळा रोमन लिपीत उच्चारानुसार, त्याला लागून चौकटी कंसात इंग्रजी अर्थ, मग वर्तमानपत्राचं नाव, गावाचं नाव, पूर्ण तारीख, पान. वर्तमानपत्राचं नाव भाषांतरित करायचं नाही. बातमीदाराचं नाव नसेल तर नोंद मथळ्यापासून सुरू करा. रोमन लेखनाची एकच पद्धत धरा, एका जागी दोन ए आणि दुसऱ्या जागी एक असं नको.

पोर्तुगीज नावांची आडनावं सूचीत चुकतात. फिलिप नेरी शावियेर ‘एक्स’खाली जातील, ‘एन’खाली नव्हे. रुई गोमिश परेरा ‘पी’खाली. मध्ये ‘द’ किंवा ‘दा’ असेल तर ते वर्णक्रमात धरायचं नाही. इतिहासकार पिसुर्लेकरांचं आडनाव पोर्तुगीज पुस्तकांवर ‘सी’ने, इंग्रजी लेखनात कधी ‘के’ने छापलेलं मिळतं. झोटेरो त्यांना दोन माणसं समजून दोन ठिकाणी लावतं. सूचीत एकच रूप ठेवा, आणि शीर्षकात ते नाव आलं असेल तर तिथे मात्र मुखपृष्ठावर आहे तसंच.

साळावली

महत्त्वाचा प्रश्न राहिला: तळटीपा की कंसातले हवाले? मार्गदर्शक ‘काहीही चालेल’ म्हणतात.

सूचीकार

तळटीपा. राजपत्राची मालिका, विधानसभेच्या प्रश्नाचा क्रमांक, कचेरीची फाइल, हे सगळं कंसात बसत नाही. शिकागोची टीप-आणि-सूची पद्धत घ्या, झोटेरोत ती तयार आहे. मूळ साधनं सूचीत वेगळ्या मथळ्याखाली, आधी, लेख-पुस्तकं त्यानंतर.